साप जेवत नाही? आधी पेटी बघा, मग साप

"साप जेवत नाही हो ताई," असा फोन आला की मी सापाची चौकशी करतच नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गरम बाजूला तापमान किती आहे? समोरून हमखास उत्तर येतं, "हीट मॅट लावली आहे ना." मॅट लावली हे कळलं, आकडा सांगा. आकडा कुणाकडेच नसतो. मग काचेवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर वाचून दाखवतात. तो पेटीतल्या वरच्या हवेचं काहीतरी अंदाजे सांगत असतो, आणि साप तर खाली जमिनीवर पोट टेकून असतो.

मी पशुवैद्य नाही. बरीच वर्षं साप पाळते आहे, आणि नव्याने पाळणाऱ्यांच्या शंका ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. न जेवणारे, ओकणारे, शी न करणारे बहुतेक साप आजारी नसतात. एकतर पेटीत काहीतरी चुकलेलं असतं, नाहीतर मालकाला दम नसतो. उरलेले थोडे मात्र खरोखर आजारी असतात, आणि त्यांना घरगुती उपायांत न अडकवता डॉक्टरकडे न्यायचं असतं. कोणता साप कुठल्या गटातला, हे ओळखता आलं की निम्मी काळजी मिटते. उदाहरणं मुख्यतः बॉल पायथन (छोटा अजगर) आणि कॉर्न स्नेक (सडपातळ, बिनविषारी साप) यांची देते, कारण माझ्याकडे तेच आहेत: गाठोडी नावाची बॉल पायथन मादी आणि मक्या नावाचा कॉर्न स्नेक. गाठोडी महिनोन्महिने उपाशी राहून माणसाचा अंत पाहणारी, आणि मक्या हलेल ते गिळायला तयार.

ऊब नाही तर पचन नाही

आपल्यासारखी शरीरात ऊब तयार करून ठेवणं सापाला जमत नाही. पोटातलं सगळं काम बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. ती कमी पडली की गिळलेला उंदीर पचण्याआधी सडायला लागतो, वायू धरतो आणि साप तो बाहेर टाकतो. गार पडलेला साप अन्न नाकारतो तेव्हा तो शहाण्यासारखंच वागत असतो.

बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागतं आणि गार बाजूला २५ ते २७. कॉर्न स्नेकला गरम बाजूला २८ ते ३० पुरतं, गार बाजू २२ ते २५ असली तरी चालते. हे आकडे पेटीच्या मधल्या हवेचे नाहीत. साप जिथे पोट टेकून बसतो त्या पृष्ठभागाचे आहेत. मोजायचे तर डिजिटल थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा मोजणारा भाग, गरम बाजूच्या लपणाच्या (साप शिरून बसतो त्या छोट्या गुहेच्या) आत, खाली ठेवा. टेम्परेचर गन असेल तर उत्तम, हात न लावता चार ठिकाणचं तापमान बघता येतं. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं यंत्र, नसलेली हीट मॅट वापरूच नका. तिचा पृष्ठभाग सापाचं पोट भाजेल इतका तापू शकतो, आणि चटका बसत असतानाही साप कित्येकदा तिथून उठत नाही.

दोन टोकांना दोन तापमानं हवीत, कारण आपल्याला केव्हा किती ऊब हवी हे साप स्वतः ठरवतो. जेवल्यावर तो गरम बाजूला जाऊन पडतो, पोट हलकं झालं की गार बाजूला येतो. सगळी पेटी एकसारखी तापवली तर त्याच्या हातातला हा निर्णय आपण काढून घेतो. जास्त उष्णतेनेही साप ओकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

तापमान जुळलं की लपण बघा. दोन्ही बाजूंना एकेक हवं, आणि ते अंगाला लागेल इतकं लहान हवं. बॉल पायथनला पाठ आणि कुशी भिंतींना टेकल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही. ऐसपैस गुहा आपल्याला छान दिसते, साप तिच्यात भेदरून बसतो. नवी मोठी काचेची पेटी आणल्यावर साप जेवायचा थांबला, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पुढचं न ऐकताच सांगते: तीन बाजूंनी कागद लावा, पेटीत कृत्रिम पाला आणि सालींचा पसारा करा, मोकळी जागा कमी करा. आर्द्रता बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत आणखी थोडी जास्त. पाण्याचं भांडं कायम भरलेलं आणि स्वच्छ असावं.

नाही म्हणण्याची साधी कारणं

पेटी ठीक असूनही साप तोंड फिरवत असेल तर घाबरण्याआधी हे आठवा.

नुकताच घरी आणला आहे का? मग पाच-सात दिवस त्याला पूर्ण एकटा सोडा. हात लावू नका, फोटो काढू नका, पाहुण्यांना दाखवू नका. पाणी बदला आणि दार लावा. तीन-चार वेळा नीट जेवेपर्यंत त्याला खेळवायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना हे सर्वांत जड जातं, कारण साप आणलेलाच असतो हातात घ्यायला.

कात टाकायला आला आहे का? डोळे निळसर दुधाळ झाले, अंग फिकं पडलं, पोट गुलाबी दिसू लागलं की बरेच साप जेवत नाहीत. कात निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी द्या. मक्या याला अपवाद आहे, त्याला डोळ्यांपुढे धूसर असलं तरी उंदीर दिसतो. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू तर पहिली कात टाकेपर्यंत सहसा जेवतच नाही, अंड्यातला बलक त्याला तेवढे दिवस पुरतो.

थंडीचे दिवस आहेत का? प्रौढ बॉल पायथन, त्यातही नर, विणीच्या हंगामात महिनोन्महिने उपास करतात. पोटात अंडी असलेली मादीही जेवत नाही. अशा वेळी आपलं काम एकच, वजन करणं. स्वयंपाकघरातल्यासारखा डिजिटल काटा वेगळा आणून ठेवा, झाकणाच्या डब्यात साप ठेवून वजन करा, डब्याचं वजन वजा करा आणि तारखेसकट वहीत लिहा. धष्टपुष्ट प्रौढ सापाचं वजन उपासातही जवळपास जिथल्या तिथे राहतं. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली, पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागला, कुशीची कातडी सैल पडली, तर तो साधा उपास राहिला नाही. पिल्लांना मात्र ही सवलत नाही. लहान पिल्लाकडे साठा नसतो. चार-पाच आठवडे काही खाल्लं नाही तर त्याला डॉक्टरला दाखवा, दहा टक्क्यांची वाट बघू नका.

गाठोडीच्या वहीत थंडीतली पानंच्या पानं "नाही, नाही, नाही" अशी भरली आहेत. शेजारच्या रकान्यातलं वजन मात्र थोड्याफार ग्रॅमच्या फरकाने तेच आहे. ती वही नसती तर मीही कुणालातरी रडत फोन केला असता.

उंदीर देण्याची रीत

जिवंत उंदीर देऊ नका. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावतो आणि खोल जखमा करतो. डोळा गेलेले, पाठीवर हाडापर्यंत कुरतडलेले साप डॉक्टरांकडे येतात ते असेच. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर जिवंत उंदीर सोडून झोपायला जाणं म्हणजे सापालाच उंदरापुढे वाढणं. गोठवलेला उंदीर नीट वितळवून द्या. जवळजवळ सगळे पाळीव साप त्याला सरावतात.

वितळवण्यात घाई झाली की पुढची निम्मी दुखणी तिथून सुरू होतात. आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी आणि पाणी गार झालं की बदलावं. मग अंगठा आणि बोट यांच्यात उंदराचं पोट दाबून बघावं. वरून ऊबदार लागतो, पण मध्यभागी, बरगड्यांच्या खाली, एक टणक गार गोळा हाताला लागतो. तो लागला की पुन्हा पाण्यात. हा गोळा तसाच सापाच्या पोटात गेला तर आतून वितळेपर्यंत बाहेरून पचन सुरू होतं, आणि बऱ्याचदा सगळाच उंदीर परत येतो. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको. तो कुठे शिजतो, कुठे तसाच राहतो आणि पोट फुटतं. एकदा वितळवलेला उंदीर पुन्हा गोठवू नये. आणि हे सगळं आपल्या जेवणाच्या भांड्यांत, ओट्यावर करायचं नाही. सरपटणारे प्राणी आणि उंदीर दोन्हींकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो, त्यामुळे भांडं वेगळं आणि नंतर साबणाने हात.

बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, म्हणून त्याच्यासाठी उंदराचं डोकं शरीराहून जरा गरम हवं. मी शेवटी केस वाळवायच्या ड्रायरने डोक्यावर गरम हवा देते. मग लांब चिमट्याने कंबरेकडून धरून, डोकं पुढे, लपणाच्या तोंडाशी आणते आणि थांबते. हलवत, नाचवत बसत नाही. गाठोडी आधी जीभ लवलवते, मग ती लवलव मंद होते, मान मागे जाऊन इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडते आणि मग वाट बघायला लावते. याच क्षणी लोक अधीर होऊन उंदीर तिच्या नाकावर टेकवतात, आणि साप मागे सरून गोळा होतो. झेप घेतली की चिमटा सोडून दार हळूच लावा. कॉर्न स्नेकला ते खळगे नसतात, त्याला वास पुरतो.

गिळताना जबडा निखळतो असं म्हणतात, ते खरं नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे एकमेकांना जोडलेली नसून लवचीक बंधाने बांधलेली असतात, म्हणून ती वेगवेगळी पुढे सरकतात. नीट बघितलंत तर अर्धा उंदीर आत असताना तोंडाच्या तळाशी एक गुलाबी नळी पुढे आलेली दिसते. ती श्वासनलिका आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीतरी बाहेर आलं असं वाटतं आणि तो मदतीला हात घालतो. घालू नका, त्या नळीतूनच तो श्वास घेतो आहे.

माप म्हणाल तर सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर. वाढत्या पिल्लांना स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, प्रौढांना पाच-सहा टक्के पुष्कळ झालं. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पाच-सात दिवसांनी, प्रौढाला दहा ते चौदा दिवसांनी. प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी. जेवल्यावर किमान ४८ तास हात लावायचा नाही, उंदीर मोठा असेल तर त्याहून जास्त.

नाकारलं तर पुन्हा लगेच नको. प्रौढाला निदान आठ-दहा दिवसांनी, पिल्लाला पाच-सहा दिवसांनी विचारा. रोज उंदीर घेऊन दारात उभं राहणाऱ्या माणसाचा सापाला त्रासच होतो. दरम्यान एका वेळी एकच बदल करून बघा: दिवसाऐवजी रात्री, दिवा मालवून, मोठ्याऐवजी लहान उंदीर, रॅटऐवजी (मोठ्या जातीचा उंदीर) माऊस (छोट्या जातीचा), किंवा उलट, चिमट्याने देण्याऐवजी लपणाच्या तोंडाशी ठेवून रात्रभर सोडणं, सकाळी न विसरता उचलणं. छोट्या कॉर्न स्नेकला भोकं पाडलेल्या लहान डब्यात पिंकीसोबत (उंदराचं केस न आलेलं नवजात पिल्लू) ठेवून डबा पेटीत गरम बाजूला ठेवला की पुष्कळदा काम होतं. पिंकीच्या डोक्याला बारीक चीर देऊन आतला वास बाहेर येऊ देणं ही युक्ती ऐकायला किळसवाणी आहे, पण चालते. हॉगनोज सापांना उंदराला डबाबंद माशाचं पाणी चोळून दिलं तर भूक लागते. या सगळ्या गोष्टी एकाच रात्री केल्यात तर कशाने जमलं हे कळणार नाही.

जबरदस्तीने तोंड उघडून घास कोंबणं हे डॉक्टरांचं काम आहे. श्वासनलिकेला इजा होते, दात मोडतात, आणि जो साप आज ना उद्या जेवला असता तो माणसाच्या हाताला कायमचा बिचकतो. फार खंगलेल्या सापाच्या पोटात एकदम मोठा घास गेला तर रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन तो दगावू शकतो, म्हणून तिथे आधी पाणी, मग थोडं पातळ अन्न, तेही डॉक्टरांच्या हिशेबाने.

ओकला तर

इथे मी जरा कडक होते, कारण उपास आणि ओकणं यांत फार फरक आहे. उपाशी साप फारसं काही गमावत नाही. ओकलेला साप खूप गमावतो.

बर्मीज अजगरांवर झालेल्या अभ्यासांतून हे चांगलं कळतं. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्यांच्या जठरातलं आम्ल जवळजवळ बंद असतं, पीएच ७ च्या वरच असतो (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र). उंदीर गिळल्यावर एक-दोन दिवसांत तो २ च्या खाली येतो. लहान आतडं वजनाने जवळपास दुप्पट होतं, हृदयाचा आकारही वाढतो, शरीराचा ऊर्जेचा खर्च कित्येक पटींनी चढतो. म्हणजे प्रत्येक जेवणाला विझलेली भट्टी नव्याने पेटवायची असते. आणि त्या पेटवण्याचा खर्च झाल्यावर घास बाहेर पडला, तर खर्च गेला, पाणी आणि क्षार गेले, शिवाय आम्लाने अन्ननलिका सोलवटली. आता मालक काय करतो? "बिचारा उपाशी राहिला" म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक उंदीर देतो. तोही बाहेर येतो. तिसऱ्यांदा असं झालं की तगडा सापसुद्धा मोडतो.

साप ओकला तर आधी काय बाहेर आलं ते बघा. गिळल्यावर लगेच, जवळपास आहे तसाच उंदीर परत आला तर बहुधा तो फार मोठा होता, किंवा सापाला कुणीतरी त्रास दिला. तीन-चार दिवसांनी, केस गळालेला, बुळबुळीत, असह्य वासाचा गोळा आला तर पचन मध्येच थांबलं आहे, आणि तिथे पहिला संशय तापमानावर. गोळा पिशवीत घालून थंड ठेवा, गोठवू नका, डॉक्टरांना तपासायला लागू शकतो. पेटी पूर्ण साफ करा, ताजं पाणी ठेवा. मग दहा ते चौदा दिवस काहीही नाही. हात नाही, उंदीर नाही. त्या दिवसांत प्रोब, थर्मोस्टॅट, लपणं सगळं पुन्हा तपासा. रात्री तापमान किती उतरतं तेही बघा, कारण दिवसा सगळं ठीक आणि पहाटे पेटी गार, हा घोळ नेहमीचा.

नंतर पहिला घास नेहमीच्या निम्म्याहून लहान. तो राहिला तर पुढचा पुन्हा दहा दिवसांनी, तोही लहान. असे तीन-चार घास पचल्यावर हळूहळू मूळ मापावर यायचं. वहीत प्रत्येक घासाचं वजन लिहा. पोटासाठी म्हणून पाण्यात टाकायची निरनिराळी पावडर विकली जाते. मी वापरत नाही. तापमान आणि वाट बघणं, दोन्ही फुकट आहेत.

तापमान बरोबर, उंदीर लहान, कुणी हात लावला नाही, तरी साप दुसऱ्यांदा ओकला तर पुढचा घास देऊ नका. डॉक्टर.

शी होत नाही, किंवा भलतीच होते

नीट शीमध्ये तपकिरी भाग आणि खडूसारखा पांढरा भाग, म्हणजे युरेट, दोन्ही असतात. युरेट हे सापाचं घट्ट मूत्र समजा. ते पिवळट, दगडासारखं कडक येत असेल तर सापाला पाणी कमी पडतं आहे. कॉर्न स्नेक जेवल्यावर साधारण आठवड्याभरात मोकळा होतो. बॉल पायथन दोन-तीन जेवणांची एकदम करतो, त्यात काही वावगं नाही. सापाचा नेहमीचा ठोका काय आहे हे वहीतूनच कळतं.

शी अडकली आहे असं वाटलं, शेपटीच्या मुळाच्या जरा वर टणक फुगवटा दिसला, तर नवा उंदीर थांबवा. भोकं पाडलेल्या, झाकणाच्या डब्यात २८ ते ३० अंशांचं पाणी घ्या, सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकंच, आणि वीस-तीस मिनिटं त्याला त्यात ठेवा. समोर बसून राहायचं, पाणी गार होऊ द्यायचं नाही. बरेच साप त्या डब्यातच मोकळे होतात, नाहीतर हातात घेतल्यावर तुमच्या बाहीवर. दोन-तीनदा हे करूनही फरक नाही, फुगवटा वाढतो आहे, साप सुस्त आहे, तर आत वाळू, साल किंवा युरेटचा खडा अडकलेला असू शकतो, तिथे एक्स-रे लागतो. पोट दाबून पुढे सरकवायचा प्रयत्न करू नका, आतडं फाटतं. तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

जोर करून करून शेपटीच्या मुळाशी लाल, ओला मांसल भाग बाहेर आलेला दिसला तर ते त्याच दिवशीचं काम आहे. खालची सगळी माती-साल काढा, ओल्या टिश्यू पेपरवर साप ठेवा, बाहेर आलेला भाग सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओला ठेवा आणि निघा. तो वाळला की वाचवता येत नाही.

पातळ, शेवाळी, रक्त किंवा शेंब असलेली, नेहमीपेक्षा घाण वासाची शी सतत येत असेल तर परजीवी असू शकतात. ताजा नमुना डबीत घेऊन डॉक्टरांकडे द्या. कासवांसोबत एकाच जागी, एकाच भांड्या-चिमट्यांनी साप पाळत असाल तर हे विशेष सांगा. एंटामीबा इन्व्हेडेन्स नावाचा अमीबा कासवात निरुपद्रवी राहू शकतो आणि सापाचं आतडं सडवतो. त्यावर मेट्रोनिडॅझोल दिलं जातं, पण ते अंदाजाने पाजायचं औषध नाही. जास्त झालं तर मेंदूवर परिणाम होतो, आणि किंग स्नेकसारख्या काही जातींना ते कमीच सोसतं.

खरं आजारपण

पुन्हा पुन्हा ओकणं, वजन उतरणं आणि अंगाच्या मध्यभागी, जठराच्या जागी, कायम राहणारा टणक फुगवटा: हे तीन एकत्र दिसले तर क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीचा विचार करावा लागतो. हा परजीवी जठराच्या भिंती जाड करतो. खात्रीचं औषध नाही. शीतून तो अधूनमधून बाहेर पडतो, त्यामुळे एक तपासणी स्वच्छ आली म्हणजे सुटलो असं होत नाही. नेहमीची जंतुनाशकं, ब्लीचसुद्धा, त्याला पुरत नाहीत. म्हणून नवा साप आणला की निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळं भांडं, आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी करायचं. हा नियम मला जाच वाटायचा नाही, कारण मक्या शेजारच्या पेटीत असताना मी धोका पत्करणार नव्हते.

बोआ जातीचा साप ओकत असेल, आणि त्याचं डोकं उगाच वर, आकाशाकडे वळत असेल, उलटा केल्यावर सरळ व्हायला वेळ लागत असेल, तर तो इन्क्लूजन बॉडी डिसीज असू शकतो. विषाणूचा आजार आहे, इलाज नाही, इतर साप लगेच दूर करा. गोचिडीसारखे बारीक काळे माइट्स तो पसरवतात असा दाट संशय आहे, त्यामुळे पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते किरकोळ समजू नका.

तोंडाचंही बघा. हिरड्या लाल, चीजसारखा पांढरा-पिवळा थर, जबडा नीट न मिटणं हे तोंडातलं संक्रमण. असं तोंड दुखत असताना कोण जेवेल? तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे, घरघर हे फुप्फुसांचं. नाक बंद असलेल्या सापाला उंदराचा वास येत नाही, आणि तुम्ही मात्र उंदराची जात बदलत बसता.

माशांवर वाढणाऱ्या गार्टर स्नेकबद्दल एवढंच: गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं आणि साप झटके देऊ लागतो. उंदराच्या पिल्लांवर वळवता आलं तर प्रश्नच मिटतो.

आणि जो साप कधीच नाही म्हणत नाही, त्याचीही चौकशी करा. खवल्यांच्या मधली कातडी साप वेटोळं न घालताही दिसते, शेपटीच्या आधी अंग एकदम सुजल्यासारखं, वळताना कुशीला घड्या: हा साप लठ्ठ आहे. पाळीव सापांत यकृतात चरबी साठते ती अशानेच. उपाशी ठेवू नका, उंदीर लहान करा आणि दोन जेवणांतलं अंतर वाढवा. मक्याला मी असंच उतरवलं, आणि तो त्या काळात माझ्या सावलीवरही झेप घ्यायचा.

डॉक्टरकडे जाताना

सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय असलेले डॉक्टर आजच शोधून ठेवा, साप आजारी पडल्यावर नव्हे. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही सापाच्या औषधाचं प्रमाण बघून सांगतात, त्यात काही कमीपणा नाही, पण रात्री अकराला तो शोध घ्यायची वेळ येऊ नये.

साप कापडी पिशवीत, तोंड नीट बांधून, पिशवी झाकणाच्या हवेशीर डब्यात ठेवा. प्रवासात गार पडू देऊ नका; कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेर, एका बाजूला ठेवा. पोटात ताजा घास असेल तर ते आधी सांगा. सोबत वही, शीचा किंवा ओकलेल्याचा नमुना, आणि पेटीचे फोटो न्या. फोटोत थर्मामीटरचा आकडा वाचता येईल असा काढा, गरम बाजूचा एक आणि गार बाजूचा एक.